ताकद आहे, पण वेळेत पोचते का?

स्क्वॅटचं (खांद्यावर भार घेऊन मारायच्या बैठकांचं) वजन वाढवलं की पळण्याचा वेग आपोआप वाढतो, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. नवख्याचा वाढतो, पुढे गाडी अडते. मांडीच्या स्नायूंना पूर्ण जोर लावायला साधारण 0.3 सेकंद किंवा जास्तच लागतात, आणि जीव तोडून पळताना पाऊल जमिनीवर टेकतं जेमतेम 0.1 सेकंद. कमावलेली सगळी ताकद वापरायला मिळतच नाही. त्या पहिल्या क्षणात मेंदूकडून स्नायूला संदेश किती भराभर जातात, यावर बरंच अवलंबून असतं.

हे फक्त खेळाडूंपुरतं नाही: वयानुसार ताकदीच्या आधी हा झटका, म्हणजे क्षणात जोर लावायची क्षमता, कमी होतो. माझे वडील सत्तरीतही दहा किलोचं दळण सहज उचलून आणायचे, पण उंबऱ्याला ठेचकाळले तेव्हा दुसरा पाय पुढे पडेपर्यंत तोल गेलाच होता. फिजिओथेरपिस्टने वजनं दिलीच नाहीत. खुर्चीतून झटकन उठायचं, सावकाश बसायचं, शेजारी आधाराला टेबल. बाबांना हा पोरखेळ वाटला. दोन दिवसांत मांड्या भरून आल्या तेव्हा कुरकुर थांबली (म्हणजे दुसऱ्या विषयावर सुरू झाली).