अनुभव धागा: चर्च सोडलं, पुढे?

बॉर्न अगेन, पेंटेकोस्टल, 'विश्वासी' अशा कडक ख्रिस्ती मंडळीतून बाहेर पडलेल्या गे, लेस्बियन, ट्रान्स लोकांसाठी हा धागा. टोपणनावानेच लिहा, चर्चचं नाव नको. 'तुझ्यासाठी प्रार्थना करते' वाल्यांनी लांबूनच करा :)

टेक्सासकर: मी पुण्याचा, नवरा इथल्या सदर्न बाप्टिस्ट (अमेरिकेतला मोठा कर्मठ प्रोटेस्टंट पंथ) घरातला. १९९३ पासून बाप्टिस्टांनी लग्नापर्यंत 'पवित्र' राहायच्या शपथा सुरू केल्या, त्यात ह्याच्याही बोटात अंगठी, आणि मुलींपासून लांब राहणं ह्याला काहीच जड गेलं नाही त्यामुळे अख्खं चर्च म्हणे काय संयमी पोरगा!! खरं कळल्यावर 'बरं' करणाऱ्या ग्रुपात घातलं. असल्या ग्रुपांची मोठी संस्था एक्झोडस इंटरनॅशनल २०१३ ला बंद झाली, अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्सने जाहीर माफी मागितली. मला वाटलं हा खूश होईल तर हा भयंकर चिडला, म्हणे ह्यांची माफी एका पत्रात उरकली, माझी विशी कोण देणार. सासूबाई अजून म्हणतात तू मनापासून प्रयत्नच केला नाहीस.

जुनी_क्वायरवाली: पुण्यातच, भाड्याच्या हॉलमधली मंडळी. माझ्यात दुष्ट आत्मा आहे म्हणून उपवास-प्रार्थना, डोक्यावर हात ठेवून सुटका, पडलं की आत्मा गेला म्हणे, मी पडेना तर चक्क ढकललं. सोडल्यावर देवापेक्षा माणसं जास्त आठवली कारण सगळे दोस्त तिथलेच, रविवार सकाळ नुसती अंगावर यायची. विश्वास गेला पण रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं काही जाईनात, भांडी घासताना म्हणते. पार्टनर कोल्हापूरची, ती म्हणते अगं हे तर अभंगच की.

एलए_वाला: मी देव सोडलेला नाही हं. गे म्हणून पेंटेकोस्टल चर्चने काढलेल्या ट्रॉय पेरीने १९६८ मध्ये इथे स्वतःच्या घरी १२ जणांना घेऊन उपासना सुरू केली, तेच आजचं एमसीसी, म्हणजे मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च. तिथे जातो. प्रभूभोजनाला (उपासनेत भाकर-द्राक्षरस घेतात ते) दोन म्हातारे हात धरून पुढे गेले तेव्हा मी ढसाढसा रडलो. क्वायरवाली, तुला नको असेल तर तेही ठीकच.

अनामिक२२: गे संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ गेलं २०१८ ला, आमच्या पास्टरना बहुतेक कळवलं नाही कोणी. आता मम्मी डॉक्टरकडे नेते म्हणतेय. काय करू?

धागाकर्ती: अनामिक, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ ला असले 'उपचार' डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलेत, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. पास्टरला मात्र हे लागू नाही. आधी आधार, मार्कशीट, बँकेचं पासबुक स्वतःकडे घे. घरी वाद आत्ता घालू नकोस, राहायची सोय झाल्यावर बोल. व्यनि (खासगी मेसेज) कर.