मदत हवी आहे: गोठ्याच्या जागेत पुरलेले आजीचे दागिने आणि मेटल डिटेक्टरचे न जुळणारे आकडे

मंडळी, मेटल डिटेक्टर हाताळलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा. थोडं लांबलंय, पण दागिने कसे पुरले होते हे कळल्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

आमचं मूळ घर संगमेश्वर तालुक्यात. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. गावात मात्र बातमी पोचली ती ‘सरकार घरातलं सोनं नेणार’ अशी. आजीने घाबरून दागिने गोठ्यात पुरले. आजोबांना नेमकी जागा सांगितली नव्हती. पुढे दोन वर्षांनी ऐन पावसाळ्यात ती तापाने अचानक गेली. आजोबांनी दोनदा खणून पाहिलं, हाती काही लागलं नाही. गोठा नंतर पाडला, जागेवर भर पडली. आता तिथे चौथऱ्याचे चार चिरे आणि एक फणस एवढंच उरलंय.

दागिने असे: दोन पाटल्या, एक बोरमाळ, पुतळ्यांची माळ आणि चांदीचे तोडे. माझी आत्या तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवले होते. थोरले चुलते म्हणत, डबा नव्हताच, मडकं होतं. चुलते आता नाहीत. आत्याला आईच्या पाटल्या एकदा हातात घ्यायच्या आहेत. सोन्याच्या भावाशी मला खरंच काही देणंघेणं नाही.

मशीन मित्राचं आहे. साधं, १० किलोहर्ट्झचं, धातू कोणता असावा याचा ० ते ९९ आकडा दाखवणारं, ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती). ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा सिग्नल वगळायची जुळणी) आपल्या हाताने करता येत नाही, कारखान्यात ठरवलाय तोच. माती जांभ्याची, लाल. तीन ठिकाणी आवाज येतो:

पहिली जागा, दक्षिणेकडच्या खांबाच्या खड्ड्याजवळ. उत्तर-दक्षिण कॉइल फिरवली की ९४-९६, खणखणीत. तिथेच नव्वद अंशात वळून फिरवली की आकडा ३५ वर आपटतो आणि लोखंडाचा घोगरा आवाज येतो. कॉइल हातभर वर उचलली तरी आवाज राहतो.

दुसरी जागा, गव्हाण होती तिथे. ७६ ते ८२, दोन्ही दिशांनी येतो पण फार क्षीण. कॉइल चार बोटं वर नेली की गायब.

तिसरी जागा फणसाजवळ. ४४, एकाच दिशेने, तोही पाच खेपांत दोनदा.

पडद्यावर ‘सोनं’ म्हणून ५० ते ६० च्या आसपास खूण आहे. तिथे कुठेच आवाज नाही, म्हणून गोंधळलोय. पहिल्या जागेचा आकडा सगळ्यांत मोठा, तिथेच खणायला घ्यावं का?

प्रतिसाद

आधी पहिल्या जागेचा मोह सोडा. दिशा बदलली की ९५ चा ३५ होतो, हे गंजलेल्या लोखंडाचं, त्यातही चपट्या मोठ्या पत्र्याचं ठरलेलं लक्षण आहे. मशीन धातूच्या सिग्नलला किती विलंब लागला यावरून आकडा काढतं, आणि मोठा लोखंडी पत्रा तो हिशेब चुकवून आकडा चांदीच्या घरात नेऊन ठेवतो. कॉइल हळूहळू त्या जागेच्या बाहेर सरकवत न्या. कडेला घोगरा आवाज रेंगाळला तर लोखंड समजा. तरी पत्रा काढून टाकाच, कारण त्याच्या शेजारी काही असलं तर ते त्याच्या आवाजाखाली झाकलं जातं.

पडद्यावरच्या ‘सोनं’ या शब्दावर विसंबू नका. ती खूण अंगठीएवढ्या वस्तूसाठी आहे. तुमच्या चारही दागिन्यांचं उत्तर वेगळं येणार. पाटली म्हणजे सलग बंद कडं, त्यात प्रवाह गोल फिरतो, म्हणून आकडा अंगठीच्या बराच वर. बोरमाळेचे मणी म्हणजे आत लाख आणि वर पातळ पत्रा, दोऱ्यात ओवलेले, प्रत्येक मणी सुटा. ती एकटी असेल तर चॉकलेटच्या चांदीच्या कागदासारखी बोलेल किंवा गप्पच राहील.

आणि डबा खरंच पितळी असेल तर मशीनला दागिने दिसणारच नाहीत, डबाच दिसेल.

प्रतिसाद

मी राजापूरकडचा. जांभ्यात मशीन चालवून बराच मनस्ताप भोगलाय. या मातीत लोह ठासून भरलेलं असतं, त्यामुळे खोली घटते आणि खोलवरच्या वस्तूचा आकडा डळमळतो, बहुतेक वेळा लोखंडाकडे, म्हणजे खाली ओढला जातो. म्हणून क्षीण ७६-८२ ला मी फार मान देईन. दोन्ही दिशांनी टिकतोय, हे महत्त्वाचं.

तुमच्या आजीने हातभर खड्डा केला असेल, त्यावर नंतरची भर. म्हणजे दोन फूट सहज. या कॉइलने एवढ्या खाली सुटी पाटली कळणार नाही, डब्याएवढं काहीतरी हवं. पिनपॉइंटला (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या सोयीत) दिसणारी खोली नाण्याच्या मापाने काढलेली असते, डब्याला ती लागू नाही. खड्डा खणू नका, थर काढा. चार फूट बाय चार फुटात सहा इंच माती सपाट काढायची, पुन्हा कॉइल फिरवायची. आवाज वाढला आणि आकडा स्थिर झाला तर खाली वस्तू आहे. गेला तर तो वरच्या जांभ्याचा खडा होता, काढलेली माती तपासा.

त्याआधी एक करा. घरातली पाटली आणि पितळी डबा घेऊन त्याच मातीत दुसरीकडे पुरून बघा. तुमचं मशीन तुमच्या मातीत काय बोलतं ते कुठल्याही पुस्तिकेपेक्षा खरं.

१८७८ च्या निखात निधी कायद्याचंही बघा. जमिनीत लपवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांच्या आत घरच्याच माणसाने पुरलेलं असेल आणि वारस हक्क सांगत असेल तर त्याची तरतूद वेगळी आहे. तेव्हा आत्यांना काय काय आठवतंय ते सापडण्याआधीच लिहून, सही घेऊन ठेवा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. गेले दोन दिवस तुम्ही सांगितलंत तसंच केलं.

पहिल्या जागी वीतभर खाली रॉकेलच्या डब्याचा उलगडलेला पत्रा निघाला, गंजून चाळण झालेला. त्याखाली बैलांच्या खुरांना ठोकायच्या तीन पत्र्या. ते सगळं बाजूला केल्यावर जागा शांत झाली.

बायकोची पाटली वीतभर खोल पुरली: ७९, स्थिर. तीच पितळी डब्यात घालून पुरली: ९१. डब्यातली पाटली काढून नुसता डबा पुरला, तरी ९१. हे डोळ्यांनी पाहिल्यावर तुमचं म्हणणं पटलं. दीड हात खाली तोच डबा ७० ते ८५ मध्ये हेलकावे खात होता. आईची बोरमाळ चार बोटांवरसुद्धा नीट कळली नाही.

मग गव्हाणीची जागा. पहिला थर काढल्यावर ८०-८४. दुसरा थर काढल्यावर ८७, चारही दिशांनी, आणि आता कॉइल हातभर वर धरली तरी ऐकू येतो. पिनपॉइंटला आवाजाची रुंदी साधारण वीतभर आहे. आजूबाजूची माती सैल आणि काळपट लागतेय, बाकीच्या चौथऱ्यात कडक लाल आहे. जवळच्या पंपामुळे मशीन मधेच बडबडतं, म्हणून शेवटची फेरी पंप बंद करून घेतली. आकडा तोच.

इथे थांबलोय. आत्याला फोन केला तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “मी आल्याशिवाय हात लावू नकोस.” शनिवारी येतेय. तिचं म्हणणं लिहून घेतलंय, सही ती आल्यावर करेल, आणि पोलीस पाटलांनाही त्या वेळी बोलावणार आहे. तोवर खड्ड्यावर ताडपत्री आणि वर फळ्या.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. साठ वर्षं ओल्या मातीत राहिलेला पितळी डबा हाताच्या दाबाने फुटतो का? कुदळ बंद केलीय, खुरपी आणि लाकडी उलथनं घेऊन बसणार आहे. आणि चुलत्यांचं खरं असेल, मडकं असेल, तर ८७ हा आकडा फडक्यात एकत्र बांधलेल्या पाटल्या-तोड्यांचा असू शकेल का? मडकं असेल तर ते मशीनला दिसणार नाही, म्हणजे खुरपी त्यावर आपटेपर्यंत मला कळणारच नाही. शेवटचा वीतभर कसा उतरू ते शुक्रवारपर्यंत कुणीतरी सांगा.