मदत हवी आहे : बँकेतील अप्रेंटिसशिपमध्ये कर्जविभागाचे काम कसे मागावे?

नमस्कार. माझी धाकटी बहीण वाणिज्य शाखेची पदवीधर असून मुंबईतील एका मोठ्या बँकेच्या शाखेत वर्षभराची अप्रेंटिसशिप करीत आहे. पासबुक छापणे, केवायसीचे अर्ज तपासणे ही कामे ती मन लावून करते; नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या आजी-आजोबांच्या झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नसे, तेव्हा ती न कंटाळता बोट पुसून पुन्हा ठेवायला सांगत असे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र कर्जाची प्रकरणे तिला अजून पाहायलाही मिळालेली नाहीत.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार अप्रेंटिस हा कर्मचारी नसून प्रशिक्षणार्थी असतो, आणि करारात तसे नमूद नसल्यास पुढे नोकरी देण्याचे बंधन बँकेवर नसते, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच निदान शिकणे तरी पुरेपूर व्हावे, अशी तळमळ आहे.

ज्यांनी अशी अप्रेंटिसशिप केली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. विभाग बदलून मिळण्यासाठी शाखाव्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा, की तोंडी विनंती पुरेशी ठरते? तसेच विरार लोकलचा रोजचा प्रवास सांभाळून बँकभरतीसाठीच्या आयबीपीएसच्या परीक्षेचा अभ्यास आपण कसा जमवला?