मदत हवी आहे: डोळ्याखाली सूज, पण दुखणं दाढेचं. नऊ वर्षांच्या गावठी कुत्र्याला भूल झेपेल का?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमचं कोरडवाहू शेत आहे, कापूस न्‌ तूर. रानडुकरांपायी रात्री जागलीला जावं लागते. आमचा लाल्या दिवस मावळला की माझ्याआधी मचाणाखाली जाऊन बसतो.

महिनाभरापासून तो भाकर एकाच बाजूनं चावतो. कोरडी टाकली तर हुंगून मागं सरकतो, वरणात कुस्करली की खातो. तोंडाला वास वर्षभरापासून आहे. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं आम्ही धरून चाललो, आणि तिथंच चुकलो. मग उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. काही लागलं असेल म्हणून घरच्यांनी हळद लावली. मी बॅटरी घेऊन ओठ वर केला, तर वरची मोठी दाढ उभी तडकलेली, मुळाशी पिवळं-तपकिरी कीटण, हिरडी लालभडक. बोट लागलं की रक्त.

गावात बोकड कापला की नळीची हाडं आम्हीच त्याला आणून टाकत होतो. तासन्‌तास फोडत बसायचा, आम्हाला कौतुक वाटायचं.

जवळच्या दवाखान्यात पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, आठवड्यात परत आली. दाढ काढायला नागपूरला न्या म्हणतात. या वयात भूल झेपते का? शेजारी म्हणतात तुरटी-मिसरी लावा, बरं होईल. घरात आठ महिन्यांचं पिल्लूही आहे, त्याचे दात आतापासून कसे जपायचे? कोणी अनुभवी असेल तर सांगा, जीव लागत नाही कशातच.

प्रतिसाद:
भाऊ, मिसरी अजिबात नको, त्यात तंबाखू असते आणि ती कुत्र्याला विषारी. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही देऊ नका. त्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालपर्यंत जातात. म्हणून पू झाला की सूज गालावर दिसते. गोळ्यांनी पू दबतो, तडकलेली दाढ तशीच राहते. आमच्या कुत्रीची दहाव्या वर्षी काढली. आधी रक्त तपासून लिव्हर-किडनी पाहिली, हृदय तपासलं, मगच भूल दिली. संध्याकाळी चालत घरी आली. कुत्र्याला 42 दात असतात, एक गेल्यानं अडत नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथं विचारा. भूल देण्याआधी किती तास उपाशी ठेवायचं, तेही त्यांनाच विचारून घ्या.

प्रतिसाद:
दादा, अंगावर गोचीड आहेत का? गोचीडतापात प्लेटलेट कमी होतात, मग हिरड्यांतून रक्त येते. दाढ काढायच्या आधी हे कळलंच पाहिजे, नाहीतर रक्त थांबणार नाही. हिरडी बोटानं दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी पांढुरकी असेल तर वाट पाहू नका.

पिल्लाचं म्हणाल तर त्याचे पक्के दात आलेत, आताच सवय लावा. लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा बोटाला ओलं सुती फडकं, दाताच्या बाहेरच्या बाजूनं, रोज. दोन-तीन दिवसांत थर कडक व्हायला लागतो, मग ब्रशनं निघत नाही. आपली पेस्ट नको, कुत्रं थुंकत नाही, सगळं पोटात जाते. पहिले चार दिवस नुसता ओठ वर करा न्‌ शाबासकी द्या. आणि चघळायला काही द्यायचं तर आधी नख रोवून पाहा, रुतलं नाही तर ती वस्तू दाताला जड आहे.

धागाकर्ता:
ताई, दादा, लय उपकार झाले. हिरडी दाबून पाहिली, रंग लगेच आला. पण कानामागं पाच गोचीड निघाले, ते डॉक्टरांना सांगतो. सोमवारची गाडी ठरवली आहे. पिल्लापुढची नळी आताच उचलली, भुंकून राहिलं माझ्यावर.