आईची अ‍ॅसिडिटीची गोळी ४ वर्षं चालूये, पायाला मुंग्या त्यामुळेच का?

सिंहगडरोडकर:
आई ६३ ची, कोथरूडला असते. ४ वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी पेनकिलर चालू होत्या तेव्हा सोबत पॅन्टोप्रॅझोल ४० दिलेली, पेनकिलर कधीच बंद झाल्या पण ही रोज सकाळी चालूच, मेडिकलवाला रिकामी स्ट्रिप दाखवली की देतो. आता ३ महिने तळपायाला मुंग्या, चतुःशृंगीच्या पायऱ्या चढली तर पार गळून गेली. पूर्ण शाकाहारी, शुगरसाठी मेटफॉर्मिन पण आहे. मी गोळी बंद करायला लावली तर चौथ्या दिवशी इतकी जळजळ की रात्रभर उशीला टेकून बसली, परत सुरू केली. कोणाच्या घरी असं झालंय का?

हडपसरवाला:
ताई, आधी बी१२ तपासा. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला पोटात अ‍ॅसिड लागतं, ते वर्षानुवर्षं दाबलं की अंगी लागत नाही, मेटफॉर्मिननेही कमी होतं, त्यात शाकाहार. माझ्या बाबांच्या मुंग्या आम्ही शुगरवरच ढकलत बसलो, वर्ष गेलं, अजून वाईट वाटतं त्याचं. मॅग्नेशियम पण बघा, तेही या गोळ्यांनी उतरतं.

पेठेतला फार्मासिस्ट:
जळजळ परत आली म्हणजे आजार वाढलाच असं नाही. बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली की पोट काही आठवडे जास्तच अ‍ॅसिड करतं, म्हणून लोकांना वाटतं गोळीशिवाय जमणारच नाही. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा अल्सर होऊन गेला असेल तर मात्र मनाने अजिबात बंद करू नका, तिथे ही गोळी खरंच वाचवते. आणि स्ट्रिपवर नावापुढे डी आहे का बघा, त्यात डॉम्पेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध असतं, युरोपात २०१४ पासून ते आठवड्याच्या वर देऊ नका म्हणतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून. कॅल्शियम घेत असतील तर कार्बोनेटवालं जेवणासोबतच, त्यालाही अ‍ॅसिड लागतं.

सिंहगडरोडकर:
खूप आभार दोघांचे. बी१२ १४८ म्हणजे कमीच आलं, इंजेक्शन सुरू केलीत. डॉक्टरांनी ४० ची २० केली, महिन्याने एकाआड एक. रात्रीचं जेवण साडेसातला आणलंय. डी नव्हतं, पण कॅल्शियम कार्बोनेटच निघालं आणि ती ते रिकाम्या पोटी घेत होती. मेडिकलवाल्याला सांगून आलेय, चिठ्ठीशिवाय आईला देऊ नका म्हणून.