मदत हवी आहे: किंग काझु जपानमध्ये खरंच सगळ्यांना माहितीये का?

मंडळी, जपानमध्ये राहिलेलं किंवा जपान्यांबरोबर काम करणारं कोणी आहे का इथे? मी पुण्यात जपानी शिकतेय, एन-थ्री (जपानीच्या परीक्षेची मधली पातळी) चालू आहे, आणि रविवारी क्लासमध्ये पाच मिनिटं बोलायचंय, विषय काय तर जपानमधल्या लहानथोर सगळ्यांना माहीत असलेली व्यक्ती. मी उत्साहात काझुयोशी मिउराचं, म्हणजे फुटबॉलर किंग काझुचं नाव देऊन मोकळी झाले आणि आता शेजारी बसणारी म्हणते हा कोण बाई, सरळ बेसबॉलवाला ओहतानी घ्यायचा ना. अगं तो आधीच चौघांनी घेतलाय!

मला त्याची गोष्टच भारी वाटते. १५व्या वर्षी शाळा सोडून एकटा ब्राझीलला गेला, पुढे तिथल्याच सांतोस क्लबकडून खेळला, परत येऊन १९९३ ला जे-लीग (जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग) सुरू झाली तेव्हा पहिल्याच सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. मग इटलीत जेनोआ क्लबकडून एक वर्ष, तिथे एकच गोल पण तो नेमका त्याच शहरातल्या साम्पदोरिया क्लबविरुद्धच्या डर्बीत. जपानकडून ८९ मॅच, ५५ गोल. आणि पन्नाशी उलटून चौदा दिवस झाल्यावर २०१७ मध्ये जपानच्या योकोहामा एफसी क्लबकडून गोल मारला, आमच्याकडे पन्नाशीत लोक गुडघ्याला तेल चोळतात.

पण गोची अशी की हा माणूस वर्ल्ड कप एकही खेळला नाही. १९९३ ला दोहात वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यात इराकविरुद्ध पहिला गोल ह्याचाच, पण शेवटच्या क्षणी बरोबरी झाली आणि जपानचं तिकीट गेलं, मग १९९८ ला टीमबरोबर युरोपात गेलेला असताना ऐनवेळी नाव कापलं. मग फुटबॉल न बघणाऱ्याला तो कसा माहीत असेल? आणि विशीतल्या पोरांना? नाव बदलायचं तर उद्यापर्यंत सेन्सेईंना (आमच्या सरांना/बाईंना) सांगायचंय, प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद १
बिनधास्त घे. मी टोकियोत निशिकासाईला राहतो, आमच्या ऑफिसात बेसबॉल सोडून काही न बघणारे काका पण ओळखतात त्याला. फक्त मिउरा मिउरा करू नकोस, ते आडनाव तिथे खूप जणांचं असतं, काझु म्हण की लगेच कळतं.

प्रतिसाद २
थोडं वेगळं मत. चाळिशीच्या पुढच्यांसाठी तो हिरो आहे, आमच्या टीममधल्या नव्या पोरांना मात्र "अजून खेळणारे ते आजोबा" एवढंच ठाऊक, त्यांचा फुटबॉलर म्हणजे मितोमा नाहीतर कुबो. पण ओळखतात सगळे, म्हणजे तुझा विषय बसतोच की. दोहा आणि १९९८ वर जास्त वेळ दे, आणि त्याच्या ११ नंबरच्या जर्सीचं सांग, योकोहामावाले त्याचं कॉन्ट्रॅक्ट ११ जानेवारीला ११ वाजून ११ मिनिटांनी जाहीर करायचे.

धागाकर्ती
अय्या हे ११ चं माहीतच नव्हतं! ठरलं, काझुच. आता गोल मारल्यावरचा तो काझु डान्स वर्गात करून दाखवू का, का सेन्सेई मार्क कापतील?

प्रतिसाद १
कर. पण आधी घरी आरशासमोर करून बघ, पाय अडकतात त्यात.