अहवालात न मावलेलं: ओजेटीचे अनुभव इथं लिहा

गूळपोळी
नव्या शैक्षणिक धोरणामुळं एम.ए., एम.एस्सी.ला ओजेटी, म्हणजे ऑन द जॉब ट्रेनिंग, आली. 4 क्रेडिट, 120 तास, शेवटी शिक्का मारलेला अहवाल. माझा 32 पानांचा झालाय आणि त्यात घडलेलं काहीच नाही, नुसते निष्कर्ष. शिवाजी विद्यापीठातल्या आणि आसपासच्या कॉलेजांतल्या सगळ्यांनी लिहा. इंजिनिअरिंगवालेही चालतील. हातानं काय केलं तेवढंच लिहा. ‘खूप शिकायला मिळालं’ लिहिणाऱ्यानं चहा पाजायचा.

सुरुवात मी करते. अन्नतंत्रज्ञान, करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन गेले होते. रस 19 ब्रिक्स, वहीत नोंद झाली. काहिलीला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईला, उकळी आली, भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली. ती काढायला गुळव्या मामांनी मला झारा दिला आणि लगेच काढून घेतला. “पोरी, मळी काढतीस का परत आत ढवळतीस?”

गूळ उतरवायला 118 अंश, असं मी ठरवून गेलेले. तिथवर पारा आला तसं मी ओरडले. मामांनी थर्मामीटरकडं बघितलंसुद्धा नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली, तांब्यावर मारली. बद्द आवाज. “अजून जरा जाळ.” चुलवाणात चिपाडं गेली. पुढची गोळी टण्‌ वाजली तेव्हा पारा 119 वर होता. एका अंशाचा फरक मी वहीत उपकरणाची चूक म्हणून सोडून दिला असता.

दुसऱ्या दिवशी गोळी मी वळली. बोटाला फोड आला, आणि गोळी चुकली ती वेगळीच.

साचेवाला
मेकॅनिकल. शिरोलीची एक फाउंड्री. पहिले चार दिवस हातात झाडू, लई राग आलेला. पाचव्या दिवशी वाळू. मोल्डर काका मूठभर वाळू दाबायचे आणि गोळा मधोमध मोडून बघायचे. कडा स्वच्छ मोडली की ओल बरोबर. लॅबमधलं यंत्र साडेतीन टक्के दाखवायचं, म्हणजे दोघांचं जमायचं. माझंच जमत नव्हतं. मी पाणी जास्त मारलं. 6 साचे भरले, त्यातल्या 4 कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आत पोकळ भोकं.

1400 अंशांच्या आसपासचं लोखंड ओल्या वाळूत पडलं की पाण्याची वाफ होते, वाट मिळाली नाही की धातूत अडकते. हे मी पेपरात दोनदा लिहून मार्क घेतलेत. मालकांनी ती चारही कास्टिंगं माझ्या बाकड्यावर आणून ठेवली, चहा पाजला, काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी सगळी परत भट्टीत.

मोडकी मोडी
एम.ए. इतिहास. वर्गात मोडी शिकलो ती तक्त्यावरची, सुबक. जुन्या सरकारी दप्तरातली कारकुनानं घाईत ओढलेली. आधी ओळभर रेघ, मग तिला अक्षरं लटकवत जायची, शब्द तोडायचा नाही. कुठं संपला ते आपण शोधायचं. एका ओळीवर अख्खी दुपार घालवली. काहीतरी मोठं राजकारण हाताला लागलं म्हणून सरांना फोनसुद्धा केला. निघाली बैलांची वैरण.

कळंब्याचा
120 तास झेरॉक्स. ऑफिसचं नाव लिहीत नाही, सही तिथलीच आहे. अडकलेला कागद न फाडता काढता येतो, हे धरायचं का?

गूळपोळी
धर की. हातानंच केलंयस.

पाणीपट्टी
एम.एस्सी. पर्यावरण. पंचगंगेचं पाणी, राजाराम बंधाऱ्याजवळ. बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायची) बाटली पाण्याखाली धरून तोंडापर्यंत भरायची, बुडबुडा राहिला की ऑक्सिजनचा आकडा खोटा. माझ्या पहिल्या तीन बाटल्या मॅडमनी तिथंच ओतल्या.

पण मला अजून आठवते ती बंधाऱ्यावरची, नदीची पातळी दाखवणारी पट्टी. 39 फूट इशारा, 43 धोका, हे आकडे पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शेंबड्या पोराला पाठ असतात. मी पट्टी जवळून बघितली ती मे महिन्यात, खाली पाण्याशी उभं राहून. 43 बघायला मान पार मागं न्यावी लागली. 2019 ला पाणी 55 च्या वर होतं आणि आमचं घर त्यात होतं. त्या दिवशी नमुने माझ्या मैत्रिणीनंच घेतले.

साचेवाला
@गूळपोळी, फोड गेला का?

गूळपोळी
गेला. गोळी अजून वाजत नाही. मामा म्हणालेत, दिवाळीनंतर काहील चढली की ये.